चित्रफितीत वाजलेला ॲम्प आणि घरी आलेले खोके

भुसावळच्या उन्हाळ्यात रात्री खिडक्या बंद करता येत नाहीत, आणि आमच्या क्वार्टरच्या भिंतीपलीकडे पहाटेच्या पाळीला जाणारे गृहस्थ झोपलेले असतात. त्यामुळे कमी आवाजातही भरदार वाजेल आणि हेडफोन लावता येईल, असा छोटा डिजिटल मॉडेलिंग ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, घेण्याचे मी गेल्या वर्षी ठरवले. नवा परवडत नव्हता. म्हणून जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर धुळ्याच्या विक्रेत्याची जाहिरात पाहून ९,००० रुपयांत सौदा केला.

विक्रेत्याने ‘आधी ऐकून घ्या’ म्हणत चित्रफीत पाठवली. तीत बटण फिरवताच गिटारचा स्वच्छ सूर करकरीत होई आणि पुढे पुरता फाटे. गिटारचा संकेत आकड्यांत बदलून त्यावर जुन्या व्हॅल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) ॲम्पचा आणि त्याच्या स्पीकरचा स्वभाव गणिताने चढवणे, हेच मॉडेलिंग. लाइन सिक्स या अमेरिकी कंपनीने १९९६ मध्ये अशा तंत्राचा ॲम्प बाजारात आणला आणि आता ते जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीतही मावते, हे अर्धेमुर्धे ज्ञान मला होते. म्हणूनच एवढ्याशा खोक्यातून हा आवाज कसा, अशी शंकासुद्धा आली नाही. धुळे काही परदेशात नाही. एसटीने जाऊन स्वतःची गिटार जोडून पाहता आली असती. पण ‘जळगावचे गिऱ्हाईक संध्याकाळी रोख घेऊन येत आहे’ या एका वाक्यासरशी मी यूपीआयने पूर्ण रक्कम पाठवून मोकळा झालो.

पार्सल आले. बटणाभोवती क्लीन, क्रंच, लीड असे आवाजाचे प्रकार छापलेले होते. मात्र ते फिरवल्यावर फक्त खर्ज कमी-जास्त होत होता. यूएसबीची वायर संगणकाला जोडली, तर ध्वनियंत्र म्हणून काहीच दिसेना, केवळ बॅटरी चार्ज होऊ लागली. गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाला, सुमारे १ मेगाओहम इतका मोठा विद्युतरोध असलेला इनपुट लागतो. तो नसला की तारांची धार मरते, आणि येथे नेमके तेच झाले होते. शेवटी पेच काढले, तेव्हा आत ब्लूटूथ स्पीकरची साधी सर्किटची पट्टी आणि बॅटरी निघाली.

त्या रात्री चित्रफीत पुन्हा पाहिली. ॲम्पच्या व्हॉल्यूमचे बटण पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यावर होते. आवाज संगणकातल्या सॉफ्टवेअरचा होता आणि तो नंतर चित्रावर चढवला होता. मी ती चित्रफीत खरेदीपूर्वी किमान दहा वेळा पाहिली होती, हे लिहिताना आजही लाज वाटते.

जुना ॲम्प घेणाऱ्याने प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल, तर निदान व्हिडिओ कॉलवर विक्रेत्याला आपण सांगू त्या क्रमाने बटणे फिरवायला लावावीत, मधेच व्हॉल्यूम शून्यावर आणायला सांगावे, आणि संगणकाच्या पडद्यावर ॲम्पचे नाव उमटलेले दाखवायला सांगावे. हे पाच मिनिटांचे काम आहे. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती रोखता येण्याची आशा असते. मी विक्रेत्याच्या ‘बदलून देतो’ या आश्वासनावर नऊ दिवस थांबलो, आणि मग त्याचा क्रमांकच बंद झाला.

तक्रार नोंदवली आहे, पैसे आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात तीच चित्रफीत नंदुरबारच्या पत्त्याने पुन्हा दिसली, किंमत मात्र ८,५०० रुपये.