इंग्लंडचा खुला लायडार डेटा ओपनस्ट्रीटमॅपसाठी: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने विमानातून लेसरने मोजलेला उंचीचा डेटा (लायडार) ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशाच्या, कामाला मी काही महिने सलग वापरला. डेटा उत्तम आहे. मात्र त्यातला आकडा कधी मोजला, कशाचा मोजला आणि कोणत्या शून्यापासून मोजला, या तीन गोष्टी सोबत लिहिल्या नसतील तर तो नकाशात टाकू नये, हे मत वापरानंतर फारच पक्कं झालं. म्हणून या अनुभवात चित्र किती सुंदर दिसतं यापेक्षा नोंदी कशा ठेवायच्या यावर जास्त लिहिलं आहे.

आधी थोडक्यात ओळख. एजन्सीने पुराचे नकाशे करण्यासाठी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून अशी उड्डाणं केली. २०१५ साली हा डेटा ओपन गव्हर्नमेंट लायसन्सखाली सगळ्यांना मोफत झाला आणि पुढे राष्ट्रीय लायडार कार्यक्रमातून जवळजवळ पूर्ण इंग्लंड एक मीटर रिझोल्यूशनने मोजलं गेलं. रोजच्या कामात दोन रास्टर (प्रत्येक पिक्सेलला एक उंची असलेली चौकटीची फाइल) लागतात. डीटीएम म्हणजे झाडं, घरं, पूल काढून टाकल्यावर उरलेली जमीन. डीएसएम म्हणजे वरून लेसरला जे लागलं ते सगळं, छपरं आणि झाडांचे शेंडे धरून. पॉइंट क्लाउड, म्हणजे लेसरने मोजलेले सुटे बिंदूही मिळतात, पण नकाशात भर घालण्यासाठी दहापैकी नऊ वेळा रास्टर पुरतं.

डाउनलोड सोपं आहे. ब्रिटिश नॅशनल ग्रिडवर पाच किलोमीटरच्या चौकोनी टाइल, प्रत्येकीत ५००० गुणिले ५००० पिक्सेल. ३२ बिटांच्या दशांश आकड्यांमुळे एक टाइल उलगडल्यावर साधारण १०० एमबी होते. मोठा भाग घेणार असाल तर या जिओटिफ फाइली डिफ्लेट पद्धतीने दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवा आणि त्यातला प्रेडिक्टर ३ हा पर्याय लावा. दशांश आकड्यांना तोच मानवतो.

आता मुख्य मुद्दा. सगळ्यात जास्त वापरला जातो तो ‘कॉम्पोझिट’. त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत २००० पासून २०२२ पर्यंतची सर्वेक्षणं एकत्र जोडलेली आहेत. एकाच जागेची अनेक सर्वेक्षणं असतील तर सगळ्यात नवं आणि चांगल्या रिझोल्यूशनचं घेतलं जातं. त्यामुळे फाइलच्या नावातलं २०२२ हे संकलनाचं वर्ष आहे, मोजणीचं नाही. एका टाइलच्या डाव्या कोपऱ्यातली जमीन २०१९ ची आणि उजव्या कोपऱ्यातली २००७ ची असू शकते. कुठल्या जागेला कोणतं सर्वेक्षण वापरलं हे सांगणारा इंडेक्स कॅटलॉग वेगळा मिळतो. त्यात सर्वेक्षणांच्या सीमा बहुभुजांच्या रूपात असतात आणि प्रत्येकाला तारखा जोडलेल्या असतात. बरेच जण तो उतरवतच नाहीत. तो आधी उतरवा, रास्टर नंतर.

तारखेचं महत्त्व कळायला केंब्रिजशरमधलं होम फेन पाहावं (फेन म्हणजे सखल दलदलीचा प्रदेश). ब्रिटनमधली ही सगळ्यात सखल जमीन, समुद्रसपाटीच्या सुमारे पावणेतीन मीटर खाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथलं पाणी उपसून काढलं, तेव्हा पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीत एक लोखंडी खांब त्याचं वरचं टोक जमिनीच्या बरोबरीला येईल इतका खोल पुरला होता. आज तो सुमारे चार मीटर वर उघडा उभा आहे, कारण पीट वाळून आकसला आणि जमीन खचत गेली. अशा जागी उंचीचा आकडा तारखेशिवाय लिहिणं म्हणजे तो आकडा निरुपयोगी करणं.

याच परिसरात आणखी दोन अडचणी येतात. होम फेन टीएल१८ एनई आणि टीएल२८ एनडब्ल्यू या दोन टाइलींच्या सीमेवर पसरलं आहे. एकच टाइल घेऊन हिलशेड (उंचीवरून केलेलं छाया-प्रकाशाचं चित्र) केलं तर कडेला काळी रेघ येते आणि चर मध्येच तुटतात. म्हणून आधी शेजारच्या टाइल एका व्हीआरटीमध्ये (अनेक टाइल एकच रास्टर म्हणून दाखवणाऱ्या छोट्या फाइलमध्ये) जोडाव्यात, मग हिलशेड करावं. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. किनाऱ्यालगतचा समुद्र झाकण्यासाठी अनेकांना शून्याखालचे सगळे आकडे नोडेटा (‘आकडा नाही’) करून टाकायची सवय असते. ती सवय इथे चालवली तर अख्खं फेन नकाशातून गायब होतं. रंगपट्टी शून्यापासून सुरू केली तरी तेच: उणे अडीच आणि उणे अर्धा मीटर एकाच रंगात दिसतात. इथे रंगपट्टी उणे ३ पासून अधिक २ पर्यंत ठेवावी.

शून्य कोणतं, हा पुढचा प्रश्न. या डेटातली उंची ऑर्डनन्स डेटम न्यूलिनवरून आहे, म्हणजे कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरावर ठरवलेल्या सरासरी समुद्रसपाटीवरून. जीपीएस उपकरण कच्च्या स्वरूपात देतं ती उंची लंबगोलावरून (पृथ्वीच्या गणिती आकारावरून) असते आणि इंग्लंडमध्ये या दोहोंत साधारण ४५ ते ५५ मीटरचा फरक पडतो. टेकडीची उंची पन्नासेक मीटरने चुकलेली दिसली तर आधी हीच शंका घ्यावी. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ‘ईएलई’ टॅगला (नकाशातल्या वस्तूला जोडलेल्या उंचीच्या नोंदीला) समुद्रसपाटीपासूनचे मीटर अपेक्षित असतात. तिथे न्यूलिनवरचा आकडा चालतो, पण सोर्सच्या नोंदीत डेटमचं नाव लिहा.

आडव्या दिशेतली चूक मात्र लगेच लक्षात येत नाही. डेटा ईपीएसजी २७७०० मध्ये, म्हणजे ब्रिटिश नॅशनल ग्रिडच्या निर्देशांकांत येतो आणि जीपीएसच्या निर्देशांकांशी त्याचा मेळ घालणारं रूपांतर म्हणजे ओएसटीएन१५. संगणकावर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरसाठी ओएसटीएन१५ ची ग्रिड फाइल नसेल तर ते सात आकड्यांचं साधं हेल्मर्ट रूपांतर वापरतं आणि त्यात काही मीटरची चूक येते. हिलशेडमधला बांध उपग्रहचित्रातल्या बांधापासून तीन मीटर सरकलेला दिसतो. मग लोक समजतात की चित्र सरकलं आहे, आणि बरोबर असलेले रस्ते ओढून चुकीच्या जागी नेतात. क्यूजीआयएस ‘अधिक अचूक रूपांतर उपलब्ध आहे, ग्रिड उतरवा’ अशी सूचना देतं. ती बंद करू नका, ग्रिड उतरवा. आणि कोणतं रूपांतर वापरलं ते लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तो सरकलेला बांध तपासायचा असेल तर तपासाची सुरुवात तिथूनच होईल.

हिलशेडबद्दल. वेब मर्केटरमध्ये (बहुतेक ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपात) रूपांतर करून मग हिलशेड करू नका. ५३ अंश अक्षांशावर त्या प्रक्षेपात आडवी अंतरं जवळपास १.६६ पट ताणली जातात, उंची तशीच राहते आणि सगळे उतार तेवढ्या प्रमाणात सपाट होतात. आधी मूळ २७७०० मध्ये हिलशेड करा, मग तयार चित्र रूपांतरित करा. नेहमीची मांडणी, म्हणजे ३१५ अंशांवरून ४५ अंश उंचीचा प्रकाश, डोंगराळ भागाला ठीक आहे. सपाट शेतीच्या भागात उंची तीन ते पाच पट वाढवा आणि प्रकाश २५-३० अंशांवर उतरवा. वायव्येकडून येणाऱ्या प्रकाशाला समांतर धावणारे चर आणि बांध या चित्रात दिसतच नाहीत, त्यामुळे चारही दिशांचा प्रकाश एकत्र करणारं हिलशेड किंवा नुसतं उताराचं रास्टर शेजारी ठेवावंच.

उंची वाढवली की डेटातले दोषही वाढून दिसतात. उड्डाणाच्या पट्ट्यांमुळे कॉर्डरॉय कापडासारख्या समांतर रेघा उमटतात. त्या नांगरणीच्या नाहीत. दोन सर्वेक्षणं जुळतात तिथे दहा-पंधरा सेंटिमीटरची पायरी दिसते, अगदी सरळ, शेताच्या सीमा न जुमानता जाणारी. तिला बांध किंवा चर म्हणून रेखाटण्याचा मोह होतो. इंडेक्स कॅटलॉगचा बहुभुज वर टाकला की रेघ त्याच्या कडेवर पडते का हे अर्ध्या मिनिटात कळतं. भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्यात अशी पायरी आणखी मोठी असू शकते, कारण शेजारच्या दोन पट्ट्यांच्या वेळी पाणी वेगवेगळ्या पातळीवर होतं. दाट सूचिपर्णी लागवडीखाली जमिनीपर्यंत फार कमी लेसर पोहोचतो. तिथे डीटीएममध्ये मोठमोठे सपाट त्रिकोण दिसतात. ते गणिताने भरलेले आहेत. तिथून पायवाट किंवा ओढा काढू नये.

पाण्याचंही तसंच. नेहमीच्या लायडारचा अवरक्त लेसर पाण्यात शोषला जातो, त्यामुळे नदीच्या पृष्ठभागाचे आकडे विश्वासार्ह नसतात आणि तळ तर मिळतच नाही. तरीही नाल्याच्या प्रवाहाची दिशा ठरवायला हा डेटा फार कामाचा आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जलमार्गाची रेघ प्रवाहाच्या दिशेने काढावी लागते आणि फेनसारख्या सपाट भागात हवाई छायाचित्रावरून दिशा कळत नाही. नाल्यातल्या पाण्याऐवजी काठाची उंची निदान पाचशे मीटर लांबीवर पाहा. इथे अचूकतेचा आकडा लक्षात ठेवा: जाहीर उभी अचूकता अधिक-उणे १५ सेंटिमीटर आरएमएसई (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) आहे. दोन वेगळ्या सर्वेक्षणांतल्या दोन बिंदूंचा फरक काढला तर अनिश्चितता २१ सेंटिमीटरपर्यंत जाते. एकाच उड्डाणातल्या शेजारच्या बिंदूंची चूक बहुतांशी एकाच बाजूला असते, म्हणून त्यांचा आपसातला फरक बराच भरवशाचा असतो. पंप बसवलेल्या नाल्यात मात्र उतारावरून दिशा ठरवू नये. तिथे पंप कुठे आहे ते पाहावं.

इमारतींची उंची काढताना बहुतेक मार्गदर्शनं सरळ ‘डीएसएम वजा डीटीएम’ म्हणतात. हे पुरेसं नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा ‘हाइट’ टॅग इमारत जमिनीला टेकते त्या सगळ्यात खालच्या जागेपासून छपराच्या माथ्यापर्यंत मोजतो. इमारतीखालची डीटीएम जमीन अंदाजाने भरलेली असते. म्हणून इमारतीच्या बाहेर दोन मीटरचं कडं घेऊन त्यातली सगळ्यात कमी डीटीएम उंची धरावी. छपरासाठी आराखडा एक मीटर आत ओढावा, म्हणजे शेजारचं झाड किंवा भिंतीचा अर्धवट पिक्सेल मध्ये येत नाही, आणि उरलेल्या पिक्सेलमधली ९५ व्या शतमकाची उंची (९५ टक्के पिक्सेल जिच्या खाली असतात ती) घ्यावी. कमाल घेतली तर धुराडं किंवा अँटेना मोजली जाते. पाच मीटर रुंदीच्या ओळीच्या घरात आत ओढल्यावर रुंदीला तीनच पिक्सेल उरतात. त्याहून लहान शेड सोडून द्या. काचेच्या छपरातून लेसर आरपार जातो, तिथला आकडा कमी येतो. उत्तर अर्ध्या मीटरपर्यंत पूर्णांकित करा. दोन मीटरच्या खाली आकडा आला तर बहुधा इमारत सर्वेक्षणानंतर बांधलेली असते, तारीख पाहा. आणि हे सगळं स्क्रिप्टने शेकडो इमारतींना लावायचं असेल तर ती आयातच (मोठ्या प्रमाणावर एकदम डेटा भरणं) ठरते, आधी तिथल्या समुदायाशी चर्चा करावी लागते.

आता नोंदींचा प्रत्यक्ष साचा. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल असते. तिच्यात उत्पादनाचं पूर्ण नाव आणि आवृत्तीचं वर्ष, टाइलींचे क्रमांक, उतरवल्याची तारीख, कॅटलॉगमधून काढलेल्या सर्वेक्षणाच्या तारखा, आडवी आणि उभी संदर्भप्रणाली, वापरलेलं रूपांतर, हिलशेडची दिशा-कोन-पटी, लायसन्स आणि श्रेयवाक्य लिहिलेलं असतं. शेवटच्या ओळीत काय तपासलं नाही ते लिहावं, उदाहरणार्थ ‘झाडीखालचे चर घेतलेले नाहीत’. पुढच्या माणसाला ही ओळ सगळ्यात जास्त उपयोगी पडते. चेंजसेटच्या (एका वेळी जतन केलेल्या बदलांच्या संचाच्या) ‘सोर्स’मध्ये उत्पादनाचं नाव, आवृत्ती आणि सर्वेक्षणाचं वर्ष पुरे. प्रत्येक वस्तूला सोर्स चिकटवायची गरज नाही, फक्त उंचीच्या आकड्यांना ‘सोर्स:ईएलई’ किंवा ‘सोर्स:हाइट’ द्यावा, कारण रस्त्याची रेघ बदलते तेव्हा जुना सोर्स तिच्यावर तसाच राहतो आणि दिशाभूल करतो. श्रेय देणं लायसन्सने बंधनकारक आहे. स्वतःच्या संकेतस्थळावर हिलशेड दाखवत असाल तर एजन्सीचं श्रेयवाक्य किंवा त्याची लिंक नकाशासोबत द्यावी.

मराठी मॅपर मंडळींना हे वाचून सह्याद्रीतला प्रश्न पडेल. आपल्याकडे सहज मिळणारी इस्रोचं कार्टोडेम किंवा युरोपचं कोपर्निकस ही उपग्रहांवरून केलेली रास्टर साधारण ३० मीटरची आहेत. एका पिक्सेलमध्ये इंग्लंडचे ९०० पिक्सेल मावतील. कोपर्निकस तर डीएसएम आहे, त्यामुळे घनदाट जंगलात झाडांचे शेंडेच मोजले जातात. गडाची तटबंदी किंवा शेताचा बांध त्यात दिसणार नाही. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात २०३० पर्यंत सपाट प्रदेशासाठी २५ सेंटिमीटरचं उंचीचं प्रतिमान करण्याचं उद्दिष्ट आहे. तोवर ३० मीटरच्या रास्टरवरून शिखराच्या उंचीचे दशांश लिहू नयेत.

लायडारमध्ये दिसलेली प्रत्येक गोष्ट नकाशात टाकायची नसते. मध्ययुगीन नांगरणीच्या सरी किंवा जुन्या रस्त्याचा अंधुक उंचवटा हिलशेडमध्ये ठळक दिसतो, पण जागेवर गेल्यावर गवताशिवाय काही दिसत नसेल तर ओपनस्ट्रीटमॅपमध्ये त्याला जागा नाही. उलट रस्त्याचा भराव, खाणीची कड, रेल्वेची कापणी या गोष्टी पडताळता येतात. त्या बिनधास्त काढाव्यात, खाणीची मात्र तारीख पाहून, कारण चालू खाणीची कड दरवर्षी सरकते.

वेल्स आणि स्कॉटलंडचा डेटा वेगळ्या सरकारी पोर्टलांवर आहे, आवृत्त्या आणि व्याप्ती वेगळी. सीमेवर काम करताना दोन्ही बाजूंच्या नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात. कॉम्पोझिटची नवी आवृत्ती आली की कॅटलॉगही बदलतो आणि जुना कॅटलॉग नव्या रास्टरला लागू पडत नाही. म्हणून ज्या आवृत्तीवरून काम केलं तिचा कॅटलॉग टाइलींच्याच फोल्डरमध्ये ठेवावा.