नांदेडला कडं घेताना

सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या दुकानांत कडं घेताना आधी विचारा: स्टील की सरबलोह? चकचकीत दिसतं ते बहुधा स्टील. गंजत नाही, रोजच्या कामाला सोयीचं. सरबलोह म्हणजे लोखंड, काळपट; घामाने गंजणारच, त्यात दुकानदाराची फसवणूक नाही. चिंचेच्या कोळाने घासा, धुऊन लगेच कोरडं करा, वरून खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

मनगटाचं माप देऊ नका, तिथेच लोक चुकतात. अंगठा तळव्यात दुमडून हाताच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरा गुंडाळा, तेच खरं माप. कड्याच्या सांध्यावरून नख फिरवा. अडकलं तर बाहीचे धागे निघतील.

सोनेरी मुलाम्याची कडीही दिसतात, पण ती घेऊ नयेत. पाच ककारांतलं, म्हणजे शिखांनी अंगावर बाळगायच्या पाच धर्मखुणांतलं कडं म्हणजे दागिना नव्हे.