६५० वॅटचा एसएमपीएस पुरतो, आधी यूपीएसचे वॅट बघा

आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आणि रायझन ५ ७६०० प्रोसेसरसाठी घेतलेला ६५० वॅटचा गोल्ड (हा कार्यक्षमतेचा दर्जा) एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, गेल्या पावसाळ्यापासून वापरतोय. एवढ्यात काही लिहिणार नव्हतो. पण सर्व्हिस सेंटरमध्ये परवा पुन्हा तेच ऐकलं, "पॉवर कमी पडतेय, ८५० टाका," आणि डोकं फिरलं.

तक्रार एवढीच होती. आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यात लाईट येऊन-जाऊन असते. ब्राउझर चालू असताना लाईट गेली तर यूपीएस सगळं सांभाळतो. गेम चालू असताना गेली की यूपीएस एकच लांब बीप देतो आणि पीसी जागच्या जागी बंद. सर्व्हिसवाल्यांनी एसएमपीएस तपासला नाही, लोड मोजला नाही, सरळ नव्याचं कोटेशन हातात दिलं. चालू वस्तू काढून टाकायला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

म्हणून प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला. ब्राउझरवर ७० च्या आसपास, जड गेममध्ये ३२० ते ३४० वॅट. कागदावरचा हिशोबही तिथेच जातो: कार्ड २००, प्रोसेसर अगदी ताणला तरी ८८, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून तीस-चाळीस. म्हणजे ६५० पैकी निम्म्याच्या आसपास वापर. कार्डाची कंपनी एनव्हिडिया ४०७० साठी ६५० सुचवते, त्यातही भरपूर मोकळीक धरलेली आहे, कारण तुमच्या कॅबिनेटमध्ये कुठला एसएमपीएस बसलाय हे कंपनीला माहीत नसतं.

दोष यूपीएसचा निघाला. खोक्यावर ठळक ६००, पण ते व्हीए (व्होल्ट-अॅम्पियर), वॅट नव्हे. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात ३६० वॅट. पीसीचे ३४० आणि त्याच यूपीएसवरच्या मॉनिटरचे ३०, झाले ३७०. बॅटरीवर गेल्या क्षणी ओव्हरलोड! इथे ८५० चा एसएमपीएस टाकून काय होणार होतं? पीसी तेवढीच वीज ओढणार, यूपीएस तसाच बंद पडणार. एसएमपीएसवरचा आकडा तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते सांगतो, किती ओढतो ते नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही. "दादा, ८५० घ्या, टेन्शन नाही," एवढंच. मी ६५० घेऊन अडीच-तीन हजार वाचवले होते. त्यात थोडी भर घालून ११०० व्हीएचा, ६६० वॅटचा यूपीएस आणला. तेव्हापासून गेममध्ये लाईट गेली तरी पीसी चालू राहतो. बॅकअप काही मिनिटांचाच, पण सेव्ह करून नीट बंद करायला तेवढा पुरतो.

एसएमपीएस घेताना खोक्यावरच्या वॅटपेक्षा १२ व्होल्टची ओळ वाचा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही तिथूनच जेवतात. माझ्या एसएमपीएसवर ५४ अॅम्पियर लिहिलंय, म्हणजे ६४८ वॅट, जवळजवळ सगळेच. एखाद्या '५००' वाल्यावर १२ व्होल्टला ३० अॅम्पियरच असतील तर कामाचे वॅट ३६०. असा पीस फुकट मिळाला तरी घेऊ नका. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराला स्टिकर दाखवायला लावला, तेव्हाच पैसे काढले.

इथपर्यंत माझं ठाम मत होतं की साध्या गेमिंग पीसीला ६५० च्या वर जायचंच नाही. मावसभावाचा पीसी पाहिल्यावर ते बदललं. त्याच्याकडे आरटीएक्स ३०८०, कार्डच ३२० वॅटचं, आणि जुना ६५०. मीटर ४५० च्या आसपास दाखवायचा, मधे यूपीएस नव्हताच, तरी मोठ्या सीनला पीसी बंद. ३०८० क्षणभर सरासरीच्या कितीतरी वर उडी मारतं. ती उडी घरगुती मीटरला दिसत नाही, एसएमपीएसच्या संरक्षणाला मात्र दिसते. २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात याची सोय आहे: एसएमपीएसने क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सहन करायचा. त्याने एटीएक्स ३.० चा ७५० बसवला आणि बंद पडणं थांबलं. तेव्हा ३०० वॅटच्या पुढचं कार्ड असेल तर ७५० ला मी खर्चिक म्हणणार नाही.

गोल्डचे जास्तीचे पैसे वसूल होतात का? हळूहळू. खालच्या ब्रॉन्झ दर्जाची कार्यक्षमता ८५ टक्के आणि गोल्डची ९० धरली तर ३०० वॅटच्या लोडला भिंतीवरच्या प्लगमधून ओढल्या जाणाऱ्या विजेत वीसेक वॅटचा फरक पडतो. रोज चार तास खेळलात तर वर्षाला सुमारे २९ युनिट. १० रुपये युनिटने तीनशेच्या आत. फक्त बिलासाठी गोल्ड घेऊ नका. मी घेतला तो जास्त वर्षांच्या वॉरंटीसाठी आणि कमी गरम होतो म्हणून. हलक्या कामात पंखा बंदच असतो, रात्री खोलीत आवाज नाही.

यूपीएस लगेच बदलणं शक्य नसेल तर गेमला ६० एफपीएसची (सेकंदाला ६० फ्रेम) मर्यादा लावा, किंवा आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. माझ्याकडे दुसऱ्या उपायाने भिंतीवर चाळीसेक वॅट कमी झाले आणि गेममध्ये फरक जेमतेम जाणवला. जुना यूपीएस आता राउटर आणि आईच्या टीव्हीला लावलाय. पुढे कधी आरटीएक्स ५०७० टीआय कार्ड घेतलं तर ते ३०० वॅटचं आहे आणि कंपनी ७५० सुचवते, तेव्हा एसएमपीएस बदलेन. यूपीएस हाच राहील.