कॉपीराइट करून देतो म्हणाले आणि गाणीच लिहून घेतली

मी सांगलीत ऑर्केस्ट्रात गाते, जत्रेच्या सीझनला जरा बरे दिवस, एरवी हळदी, बारसं, मिळेल ते. अण्णा गाणी लिहितात, चाली माझ्या. अशी पाच गाणी माझ्या यूट्यूब चॅनलवर टाकलेली, त्यातलं खंडोबाचं बऱ्यापैकी चाललं. मग ते कुणीतरी उचलून स्वतःच्या नावानं टाकलं, मी रागारागात स्टेटस ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी एका एजन्सीचा मेसेज, "ताई, आम्ही फक्त कलाकारांचं लीगल बघतो, पाचही गाण्यांचा कॉपीराइट करून देतो, चोरणाऱ्याकडून पैसे काढून देतो, वसुलीतले तीस टक्के आमचे." पस्तीस हजार सांगितले, त्यातले वीस मी आधी पाठवले. हो, पाठवले.

सही कशी घेतली ते सांगते. विश्रामबागच्या एका कार्यालयात हळदीचा प्रोग्राम, माझा एका डोळ्याचा मेकअप झालेला, हातात आयलायनर, आणि एजन्सीचा माणूस अकरा पानांचा गठ्ठा घेऊन मेकअप रूमच्या दारात. पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवलेल्या. "ताई फुली दिसंल तिथं सही करा, वकीलपत्रासारखंच असतंय हे." मी आरशात बघत बघत सह्या ठोकल्या. कॉपी मागितली तर म्हणे नोटरी होऊन येईल.

दोन महिने काहीच नाही. मग मी माझंच खंडोबाचं गाणं नव्या व्हिडिओत घातलं तर माझ्यावरच एजन्सीचा कॉपीराइट क्लेम, म्हणजे गाणं आमचं असा दावा, आणि व्हिडिओचे पैसे त्यांच्या खात्यात. त्याच आठवड्यात एका गावच्या जत्रेचं गाणं व्हॉट्सअपवर आलं, आवाज माझा, आणि त्या गावात मी कधी पाय ठेवलेला नाही! नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं. मी ओळीच्या मधेच श्वास घेते, लहानपणापासूनची खोड, अण्णा त्यावरून अजून बोलतात, आणि त्या गाण्यात श्वासच नाही. एआयनं केलेलं.

भांडायला फोन केला तर घाबरवायला म्हणून त्यांनीच कराराची पीडीएफ पाठवली. सातवं पान: सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभर, आजच्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्या माध्यमांत, "आवाजाच्या डिजिटल प्रतिकृतीसह".

मैत्रिणीनं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नेलं, कोर्टातच ऑफिस असतं, बायकांना उत्पन्न कितीही असो वकील फुकट मिळतो, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. वकील मॅडमनी पहिलं विचारलं, डायरी नंबर काय? कॉपीराइटचा अर्ज केला की नंबर मिळतो, माझ्या नावावर अर्जच नव्हता. सरकारी फी शब्दांना ५०० रुपये, चालीला ५००, रेकॉर्डिंगला २०००, आणि ऑनलाइन आपलं आपण भरता येतं. मुळात हक्क नोंदणीनं येतच नाही, गाणं तयार झालं तेव्हाच येतो, नोंदणी पुराव्याला कामी येते. आणि वसुलीवर टक्केवारी ठरवणं तर बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला चालतच नाही, म्हणजे ते तीस टक्के ऐकूनच मी उठायला हवं होतं. करारात मुदत लिहिलीच नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, म्हणून यांनी "कायमस्वरूपी" न विसरता घातलेलं.

मग मॅडम म्हणाल्या, शब्द कुणाचे? म्हटलं अण्णांचे. "मग त्यांची सही कुठाय?" कुठंच नव्हती, कुणी विचारलंच नव्हतं त्यांना. अण्णांनी साखर कारखान्याची जुनी डायरी आणली, पाचही गाणी तारखेसकट, खाडाखोडीसकट, एका पानावर चहाचा डाग. शब्द त्यांचे तर ते मी परस्पर विकूच शकत नाही. त्यावर नोटीस गेली, क्लेमला डिस्प्यूट टाकला, म्हणजे हा दावा खोटा असं यूट्यूबला कळवलं, समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, तीन गाण्यांवर त्यांनी उत्तरच दिलं नाही म्हणून क्लेम सुटले. दोन लटकलेत. फसवून घेतलेली सही म्हणून करार रद्द मागायचा अर्जही चाललाय. एआयच्या गाण्यासाठी मॅडमनी मुंबई हायकोर्टाचा २०२४ चा, गायक अरिजित सिंगचा आवाज एआयनं परवानगीशिवाय वापरायला मनाई करणारा आदेश नोटिशीत टाकलाय, पण व्हिडिओ अजून तिथंच आहे. वीस हजारांची पोलिसात तक्रार दिली, पोच मिळाली, पैसे नाहीत.

परवा विट्याच्या एका पोरीनं कागदांचे फोटो पाठवले, ताई सही करू का म्हणून. एजन्सीचं नाव दुसरं, सातवं पान तेच, पेन्सिलीच्या फुल्यापण.