लाइव्ह तास, तयार व्हिडिओ की दोन्हींची जोड? नववी-दहावीचं गणित ऑनलाइन शिकवणाऱ्यांसाठी

नववी-दहावीचं गणित ऑनलाइन शिकवायला घेणाऱ्याची पहिली चौकशी बहुधा ॲपची असते: झूम बरं की मीट? ती दहा मिनिटांत उरकते. झूमच्या मोफत खात्यात बैठक 40 मिनिटांनी तुटते, मीटच्या मोफत खात्यात तिघे किंवा जास्त जण असले की 60 मिनिटांनी. दोन्हीकडे शंभर जण मावतात. झूमच्या मोफत खात्यावरून कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करता येतं, मीटच्या मोफत खात्यात ती सोय नाही. एवढं पाहून पुढे जावं. डोकं लावायचं ते शिकवायच्या पद्धतीवर, कारण शिक्षकाचा वेळ, मुलांचा डेटा आणि पदरात पडणारा अभ्यास या तिन्ही बाबतींत त्या पद्धती एकमेकींपासून फार लांब आहेत.

इथे डोळ्यांसमोर आहेत ती राज्य मंडळाची 14 ते 16 वर्षांची मुलं. दिवसभर शाळा करून संध्याकाळी फोन घेऊन बसणारी. बऱ्याच घरांत फोन एकच, आणि तोही बाबांबरोबर कामावर गेलेला.

लाइव्ह तास

लाइव्ह तासाची मोठी जमेची बाजू म्हणजे ठरलेली वेळ. पंधरा वर्षांचं मूल आपण होऊन व्हिडिओ लावून बसेल यावर विसंबता येत नाही, पण साडेआठला तास आहे म्हटलं की घरातली माणसंही टीव्हीचा आवाज कमी करतात. अडलेलं तिथल्या तिथे विचारता येतं.

बिघडतं ते शिक्षक वर्गातला तास जसाच्या तसा फोनसमोर आणतात म्हणून. वर्गात चेहरे दिसतात, कोण खिडकीबाहेर बघतंय ते कळतं. इथे समोर पंचवीस काळे चौकोन. "समजलं का?" या प्रश्नाला दोन "हो सर" येतात, आणि ते रोज त्याच दोघांचे असतात. हा प्रश्न विचारूच नये. त्याऐवजी दर पाच-सात मिनिटांनी असा प्रश्न टाकावा, ज्याचं उत्तर प्रत्येकाला लिहावंच लागेल. "उत्तर चॅटमध्ये टाइप करा, पण पाठवू नका. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवा." यामुळे हुशार मुलाचं उत्तर पाहून बाकीच्यांनी तेच छापणं थांबतं. झूममध्ये चॅट फक्त होस्टला दिसेल अशी सेटिंग आहे, ती या वयासाठी फार कामाची. चुकलो तर हसतील या भीतीने गप्प राहणारी मुलं तिथे लिहू लागतात.

मध्येमध्ये विचारण्याला आधारही आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संख्याशास्त्राच्या 21 मिनिटांच्या ऑनलाइन व्याख्यानाचे चार तुकडे केले होते. दर तुकड्यानंतर छोटी चाचणी दिलेल्यांचं लक्ष कमी भरकटलं आणि त्यांनी टिपणंही जास्त काढली.

कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करू नये. या वयात स्वतःचा चेहरा सतत स्क्रीनवर पाहणं नकोसं वाटतं, शिवाय मागे एकाच खोलीचं घर दिसत असतं. कॅमेरा हवाच असेल तर तो वहीवर लावायला सांगा. भौमितिक रचनांच्या प्रकरणात तर तोच हवा: स्पर्शिका काढताना कंपासचं टोक नेमकं कुठे टेकवलंय हे चेहरा पाहून कळत नाही.

डेटा हा लाइव्ह तासाचा दुखरा भाग. सगळ्यांचे व्हिडिओ सुरू असलेला तास पाऊण ते एक जीबी सहज खातो. रोज दीड जीबीचं रिचार्ज असलेल्या घरात भावंडाला उरतं काय? व्हिडिओ बंद ठेवून फक्त आवाज आणि शिक्षकाची स्क्रीन एवढंच ठेवलं की खर्च बराच उतरतो. नेटवर्क गेलं की मात्र तेवढा तास हातचा गेला, आणि पावसाळ्यात ते जातंच.

तयार व्हिडिओ

इथे मूल थांबवू शकतं, मागे जाऊ शकतं, फोन रात्री दहाला हातात आला तरी चालतं. 360पी दर्जाचा तासभराचा व्हिडिओ साधारण 300 एमबीत बसतो, आणि गणितासाठी हा दर्जा पुरतो, फक्त अक्षर मोठं हवं. विद्यार्थी तीस असोत की तीनशे, शिक्षकाची मेहनत तेवढीच. ती सुरुवातीला मात्र भरपूर लागते: सहा मिनिटांच्या व्हिडिओमागे नवख्याचे दोन तास सहज जातात.

लांबीबद्दल घासाघीस नको. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता, आणि ही स्वखुशीने नाव नोंदवलेली मंडळी होती. म्हणून एका व्हिडिओत एकच गोष्ट. "वर्गसमीकरणे" असा 35 मिनिटांचा व्हिडिओ करू नका. अवयव पाडून सोडवणं, पूर्ण वर्ग पद्धत, सूत्र, मुळांचं स्वरूप, शाब्दिक उदाहरणं असे वेगवेगळे तुकडे पाडा, आणि शाब्दिक उदाहरणांना दोन तुकडे द्या, कारण मुलं तिथेच अडतात.

सामान साधं पुरतं. फोन स्टँडवर आडवा, कॅमेरा खाली वहीकडे. उजेड दोन्ही बाजूंनी, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहिण्याच्या जागी पडते. जाड टोकाचं काळं पेन, आणि एका पानावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त नको. आवाजासाठी वायरवाले इअरफोन चालतात, पण पंखा बंद. चित्र थोडं धूसर असलं तर मुलं चालवून घेतात, आवाज घरघरला की बंद करतात. स्लाइडवरचं वाक्य तसंच्या तसं वाचून दाखवू नका, वाचणं आणि ऐकणं एकमेकांच्या आड येतं. पायरी आधी बोला, मग लिहा. उदाहरण मांडून झालं की "इथे थांबवा, स्वतः सोडवा" असं म्हणून चार सेकंद खरंच गप्प राहा.

एवढं करूनही नुसत्या व्हिडिओंची मोठी उणीव राहतेच: मूल काय चुकतंय ते कोणालाच दिसत नाही. यूट्यूबवर व्ह्यूजचा आकडा दिसतो, कोणी पाहिलं ते दिसत नाही, समजलं का ते तर नाहीच. व्हिडिओ पाहताना सगळं सोपं वाटतं, वही उघडली की हात चालत नाही. मुळात वर्गात पुढे असलेल्या, स्वतःहून अभ्यास करणाऱ्या मुलांना ही पद्धत मानवते. पास होण्याच्या काठावर असलेली मुलं हिच्यात सगळ्यात आधी गळतात.

आणखी एक. मूळ संकल्पनेचे व्हिडिओ नव्याने करण्याआधी बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर काय आहे ते बघा. जे तिथे बरं आहे ते वापरा. आपला वेळ शाब्दिक उदाहरणं आणि नेहमीच्या चुका यांच्या व्हिडिओंवर घालवलेला बरा.

दोन्हींची जोड

यात समजावणं व्हिडिओत जातं आणि लाइव्ह वेळ सोडवण्यासाठी उरतो. आठवड्याचा आराखडा असा: सोमवारी सहा-सात मिनिटांचे दोन व्हिडिओ आणि पाच प्रश्नांचा गूगल फॉर्म. बुधवारी संध्याकाळपर्यंत फॉर्म भरायचा. गुरुवारी 35 मिनिटांचा लाइव्ह तास. शनिवारी वहीतल्या दोन उदाहरणांचा फोटो शिक्षकाला, आणि चोवीस तासांत त्यावर उत्तर.

सगळा डोलारा फॉर्मवर उभा आहे, म्हणून तो कसा करायचा ते नीट पाहू. समजा प्रश्न आहे: ज्या वर्गसमीकरणाचे सहगुणक अनुक्रमे 1, उणे 5 आणि 6 आहेत, त्याच्या विवेचकाची किंमत किती? बरोबर उत्तर 1, म्हणजे 25 वजा 24. चुकीचे पर्याय हवे ते टाकू नका, प्रत्येक पर्यायामागे एक ओळखीची चूक ठेवा. उणे 49 निवडणाऱ्याने उणे 5 चा वर्ग उणे 25 धरला. 49 निवडणाऱ्याने वजा करण्याऐवजी मिळवलं. उणे 34 वाल्याने वर्गाच्या जागी दुप्पट केली. बुधवारी रात्री फॉर्मचा गोषवारा उघडला की गुरुवारी काय घ्यायचं ते ठरतं. पंचवीसपैकी अकरा जणांनी उणे 49 निवडलं असेल तर सूत्र पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही. कंस का घालायचा ते दाखवा आणि उणे सहगुणकांची चार उदाहरणं सोडवून घ्या. वर्गात हीच गोष्ट चाचणीचे पेपर तपासेपर्यंत कळत नाही.

बिघाड ठरलेला आहे: निम्मी मुलं व्हिडिओ न पाहताच येतात. तेव्हा दया येऊन शिक्षक सगळं पुन्हा समजावतात, आणि पुढच्या आठवड्यापासून पाहून येणारेही बंद होतात. तसं करू नका. पहिली आठ मिनिटं न पाहिलेल्यांना म्यूट करून व्हिडिओ पाहायला लावा, बाकीच्यांना एक कठीण उदाहरण द्या. फॉर्ममध्ये एक प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर फक्त व्हिडिओत आहे, उदाहरणार्थ शेवटच्या उदाहरणातली रक्कम. म्हणजे कोणी पाहिलं ते कळतं.

वहीचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मागवू नका. पहिला फोटो आला की बाकीचे त्याचीच नक्कल. वैयक्तिक पाठवायला सांगा किंवा गूगल क्लासरूममध्ये असाइनमेंट लावा. फोटोवरच चुकलेल्या ओळीला लाल गोल करून अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवला की काम होतं. पूर्ण उत्तर लिहून देऊ नका, "तिसऱ्या ओळीत चिन्ह बघ" एवढंच. एका मुलाला दोन मिनिटं धरली तर पंचवीस जणांना 50 मिनिटं लागतात. साठ जणांना दोन तास, आणि इथेच ही पद्धत शिक्षकाला जड जायला लागते.

निवड कशी करायची

मुलं तीसपर्यंत आणि आठवड्याला चार-पाच तास देता येत असतील तर जोड घ्या, दुसरा विचार नको. व्हिडिओ करायला वेळच नसेल तर लाइव्ह घ्या, पण त्यात व्याख्यान दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, बाकी वेळ सोडवून घ्या. तसा लाइव्ह तास उत्तम व्हिडिओंच्या नुसत्या ढिगापेक्षा सरस ठरतो. मुलं शंभरावर असतील किंवा एकच फोन अनेकांत फिरत असेल तर तयार व्हिडिओ आणि फॉर्म, जोडीला आठवड्यातून एक शंकांचा तास. तीस ते शंभरच्या मधल्यांनी जोडच घ्यावी, फोटो मात्र दर आठवड्याला एका तृतीयांश मुलांचेच तपासावे, पाळीपाळीने.

वेळेबद्दल: जुलै 2020 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने दिलेल्या "प्रज्ञाता" मार्गदर्शक सूचनांत नववी ते बारावीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची जास्तीत जास्त चार सत्रं सांगितली होती. ती शाळा बंद असतानाची मर्यादा. शाळा करून आलेल्या मुलाला संध्याकाळी एकच सत्र पुरे.

परदेशातल्या मुलांना मराठी शिकवणाऱ्यांचं गणित निराळं आहे. भाषा बोलून येते, म्हणून तिथे लाइव्हला पर्याय नाही. भारतातले शनिवारी संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ. तिकडची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात, आपली नाही. त्या दोन आठवड्यांत अर्धा वर्ग चुकीच्या वेळी येतो, म्हणून आधीच्या शुक्रवारी दोन्हीकडची वेळ लिहून निरोप पाठवावा.

कुठलीही पद्धत घ्या, तास रेकॉर्ड करणार असाल तर पालकांची संमती सुरुवातीलाच लेखी घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण मूलच धरला आहे. मुलांची नावं किंवा आवाज असलेलं रेकॉर्डिंग यूट्यूबवर सार्वजनिक टाकू नका. "अनलिस्टेड" ठेवलं तरी लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला ते दिसतं, तेव्हा असं रेकॉर्डिंग ड्राइव्हवर ठरावीक ईमेलनाच उघडं ठेवा आणि परीक्षा झाली की काढून टाका.