नामिबियाची सहल, आखणी जळगावची: चार तारे

जळगावातल्या या ट्रॅव्हलवाल्या ताईंनी आखणी झकास केली. जुलैच का? तर कोरड्या दिवसांत एटोशा राष्ट्रीय उद्यानातले प्राणी पाणवठ्यांवर गोळा होतात. तिथल्या ओकाउकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात. बाकावर बसल्या बसल्या गेंडे, हत्ती दिसले, जीपचे पैसेही नाहीत! सोसुसव्लेई, म्हणजे वाळूच्या डोंगरांचा भाग, बघायला मुक्काम त्याच्या प्रवेशापाशी सेसरीमला, उद्यानाच्या फाटकाच्या आतच मागा. बाहेरच्यांना सूर्य उगवेपर्यंत आत सोडत नाहीत, आणि वाळूच्या डोंगरांची खरी मजा तर तेव्हाच.

एक तारा का कापला? सामानाच्या यादीत स्वेटरच नव्हता. वाळवंट म्हणजे काही आपला मे महिना नव्हे. तिथे जुलैत पहाटे दात वाजतात, भाऊ. शाकाहारी असाल तर खाकरे भरपूर घ्या. गावं लांब लांब, दुकानं तुरळक.