दुबार ओळी काढायच्यात: युनिक, सॉर्ट की ऑक?

लिनक्सच्या टर्मिनलवर फाइलीतल्या दुबार ओळी काढायच्या म्हटलं की हात आधी 'युनिक' (uniq) या कमांडकडे जातो. कमांड चालते, एररही येत नाही, आणि कित्येक दुबार ओळी जागच्या जागीच! कारण युनिक फक्त लागोपाठच्या दोन ओळी ताडून बघतं. त्याआधी काय येऊन गेलं ते लक्षात ठेवत नाही. म्हणूनच त्याला मेमरी जेमतेम लागते. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइलीत, एकच एरर सलग ओतली गेली असेल तर एकटं युनिक पुरतं, एरवी नाही. आणि त्याला दोन फाइलींची नावं देऊ नका. दुसरी फाइल ते वाचत नाही, तिच्यावर निकाल लिहितं.

एरवी निवड 'सॉर्ट मायनस यू' (sort -u, ओळी क्रमाने लावून दुबार गाळणारी कमांड) आणि ऑक (awk, ओळीओळीने मजकूर हाताळणारी छोटी भाषा) यांच्यात. ओळींचा मूळ क्रम हवा आहे का, एवढंच ठरवा.

क्रमाचं काही नसेल, म्हणजे ईमेल पत्ते किंवा शब्दांची यादी असेल, तर सॉर्ट. फाइल रॅमपेक्षा मोठी असली तरी ते तुकड्यातुकड्यांनी क्रम लावून डिस्कवर ठेवतं आणि शेवटी जोडतं. तेवढी जागा मात्र मोकळी हवी. निकाल त्याच फाइलीत हवा असेल तर 'मायनस ओ' (-o) वापरा. बाणाचं चिन्ह (>) वापरलंत तर शेल, म्हणजे आपल्या कमांडी चालवणारा प्रोग्रॅम, आधी फाइल रिकामी करतं, मग सॉर्टला वाचायला उरणार काय?

क्रम राखायचा असेल तर ऑक. आलेली ओळ अ‍ॅरेत (मेमरीतल्या यादीत) नोंदवायची आणि पहिल्यांदाच दिसली असेल तरच छापायची, एवढं एका ओळीत जमतं. पण प्रत्येक वेगळी ओळ मेमरीत राहते, त्यामुळे अवाढव्य फाइलीवर जपून.

कोणती ओळ किती वेळा आली हे मोजायचं असेल तर मात्र युनिकच: आधी सॉर्ट, मग मोजणीसाठी 'युनिक मायनस सी' (uniq -c), मग मोठा आकडा वर आणायला 'सॉर्ट मायनस आरएन' (sort -rn). इथे एक खोच आहे. सॉर्टचं 'मायनस यू' प्रत्येक ओळीची एक प्रत ठेवतं. युनिकचं 'मायनस यू' पुन्हा आलेली ओळ पूर्णच गाळतं. यादी अचानक आखडली तर आधी हेच तपासा.

मराठी मजकुरात तिघांचीही पंचाईत होते. 'कऱ्हाड'मधला अर्धा र कोणी नुक्त्याच्या र ला हलंत देऊन टाइप करतं, कोणी साध्या र ला हलंत आणि पुढे न दिसणारा जोडक (ZWJ) देऊन. डोळ्यांना एकच शब्द, पण संगणकात साठवलेले बाइट वेगवेगळे, म्हणून दोन्ही ओळी शिल्लक. विंडोजवरून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी दडलेलं जास्तीचं चिन्हही हाच घोळ घालतं. दोन्ही आधी सेडने (sed, मजकुरात बदल करणारी कमांड) एकसारखं करून घ्या, मग यांपैकी कोणतीही कमांड चालवा.